आमच्या खुशबूचं हैदराबाद

हैदराबाद,
१७ ऑक्टोबर २००५

सौ. मंदा हिस,
स. जयभीम वि. वि.

मी शनिवारी सकाळी सुखरूप पोहोचलो. नागपूरहून गाडीत जागा मिळाली, तीही खिडकीजवळ. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली, भंडारा-अड्याळ-पवनी रस्त्यावरचा एकेक खड्डा मला नावानं ओळखतो, पण खिडकीजवळ बसून प्रवास केल्याचं आठवत नाही. झोप आलीच नाही. लहान लेकरासारखा बाहेरचा अंधार पाहत बसलो.

खुशबू स्टेशनावर आली होती. थोडी वाळली आहे, पण तोंडावर तेज आहे. केस कापले आहेत. हे आताच सांगून टाकतो, म्हणजे लपवलं म्हणून तू मला नंतर बोलणार नाहीस. ती आणि तिची मैत्रीण प्रतिक्षा, चंद्रपूरची, अशा दोघी अमीरपेटजवळ दोन खोल्या घेऊन राहतात. रात्री साडेनऊला कंपनीची गाडी दारात येते, दोघी जातात आणि सकाळी सातला येतात. मग पडदे लावून झोपतात. म्हणजे रात्री घर माझं आणि दिवसा त्यांचं. दिवसा मी आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन फिरतो.

तिचं काम काय ते मी नीट विचारून घेतलं, कारण तुला सांगायचं होतं. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासतात आणि त्याला काय झालं, काय औषध दिलं, ते मशीनमध्ये बोलून ठेवतात. ते बोलणं इकडे येतं. या पोरी कानाला लावून ऐकतात आणि शब्दाला शब्द टाईप करतात. तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र, म्हणून रात्रीची पाळी. एवढंच आहे. खुशबू म्हणाली, बाबा, औषधाचं एक अक्षर चुकलं तर माणूस मरेल. ती हे म्हणाली तेव्हा मला ती आपल्या घरातली वाटली नाही, दवाखान्यातली कोणी मोठी बाई वाटली.

काल रविवार, तिला सुटी. इकडे रमजान चालू आहे. दिवस मावळला की रस्त्यावर मोठमोठ्या भट्ट्या दिसतात आणि त्यांच्यावर हंडे. त्यात हलीम असते. मटण, गहू आणि डाळी एकत्र शिजवून लाकडी दांड्यांनी इतकं घोटतात, की मटण कुठलं आणि गहू कुठला ते ओळखू येत नाही. वरून तूप, तळलेला कांदा, लिंबू. मंदा, मी दोन वाट्या खाल्ल्या. मग तिनं मला इराणी हॉटेलात नेलं. चहात दूध आहे की दुधात चहा आहे ते कळत नाही, आणि त्यात बुडवायला गोड-खारं बिस्कीट. बिर्याणीही खाल्ली. तांदूळ लांब आहे, पण आपल्या चिन्नोरचा वास त्याला नाही. हे मी तिथल्या वाढप्यालाही सांगितलं.

फोन करत नाही, कारण टेकचंदच्या दुकानात तुला फोनवर बोलावलं की अर्धी गल्ली तुझ्यामागे येते. तुझं काम लक्षात आहे. निघताना तू तीनदा सांगितलंस, की पोरीला राजीनामा द्यायला लावा आणि सोबत घेऊन या. अजून बोललो नाही. तिला वाटतं मी सहज आलो. दोन दिवसांत विषय काढतो.

नजरेआड आहे म्हणून माया पातळ करू नको.

तुझा
केशव


अड्याळ,
ता. २२/१०/०५

खुशबूच्या बाबांले
मंदाचा जयभीम.

तुमचं पत्र भेटलं. वाचलं तं पयले वाटलं, दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याचं पत्र पोस्टमन आपल्या घरी टाकून गेला. घरी वांग्याची भाजी पुढे ठेवली तं ‘हं’ म्हणाच्या पलीकडे तुमच्या तोंडातून शब्द निघत नाही, आन तिकडे जाऊन त्या हलीमचं अर्धं पान वर्णन! मी काय तुमाले वाट्या चाटाले पाठवलं होतं? बीपीची गोळी रोज घेजा. त्या तुपाचं काय कराचं ते मले समजत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. लवकरचा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी अजून उभा आहे. तुमी नाही तं चार बाया जास्त लावल्या. शेजारच्या निर्मलाबाईचा भाचा धानाच्या बांधीवर लक्ष ठेवते.

आता कामाचं ऐका. कारध्याहून चिंधूदादा आला होता. तुमसरचं स्थळ पक्कं होऊन राहिलं. पोरगा अंकुश, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, घरचं शेत आहे, आई आहे, काका आहे. १३ नोव्हेंबरले, रविवारी, ते आपल्या घरी येतात. दादानं त्यांले सांगून टाकलं की पोरगी नोकरी सोडून घरी येऊन राहिली. माह्या भावानं शब्द दिला आहे. मायबापाच्या मागे त्यानंच माहं लग्न लावलं, हे तुमाले माहीत आहे. त्याची मान खाली जाऊ देऊ नका.

तुमी म्हणता एवढंच काम आहे. तुमाले समजलं, मले समजलं, लोकायले कोण समजावून सांगन? परवा निर्मलाबाईनं हापशीवर चार बायांत मले विचारलं, मंदाबाई, असं काय टाईप करते पोरगी, जे दिवसा करता येत नाही? मी हसली आन घागर उचलून घरी आली. मी काय उत्तर देऊ? मले तरी काय माहीत, रात्री ते कुठी जाते, कोणासंगं जाते? आपली पोरगी चांगली आहे. पण रात्र चांगली नसते.

तुमच्यानं बोलणं होत नसन तं सरळ सांगजा की आईची तब्येत बरी नाही. मंग येईन ते. खोटं बोलल्याचं पाप मी माह्या डोक्यावर घेते.

आन केस किती कापले? खांद्याच्या वर का खाली?

रागानं लिहिलं म्हणून मनात धरू नका. गोळी घेजा.

मंदा


हैदराबाद,
२७ ऑक्टोबर २००५

सौ. मंदा हिस,
स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावर तू खुशबूचं नाव आधी घातलंस आणि माझं त्याच्याखाली, त्यामुळे पोस्टमननं तिच्या हातात दिलं आणि तिनं फोडलं. मी खाली दुधाला गेलो होतो. परत आलो तर माझ्या चहाच्या ग्लासाजवळ ते घडी घालून ठेवलेलं. तिनं मला दोन डोसे करून घातले आणि झोपायला गेली.

पण त्याच्या आधीच्या शनिवारचं मला तुला सांगायचं आहे, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते. त्या रात्री पाळी नव्हती, म्हणून खुशबू आणि प्रतिक्षा मला चारमिनारला घेऊन गेल्या. रमजानमध्ये तिथला बाजार रात्री जागतो. दिव्यांचा एवढा उजेड, की सुई पडली तर सापडेल. अत्तरवाले, कापडवाले, शेवया, खजुराचे ढीग, आणि बायाच बाया! बुरख्यातल्या, साडीतल्या, लेकराला कडेवर घेतलेल्या. तिथं एक गल्ली नुसत्या बांगड्यांची आहे. तुझ्यासाठी घ्याव्या म्हणून मी एका दुकानात बसलो. दुकानदारानं माप विचारलं. मंदा, एकतीस वर्षं झाली लग्नाला, आणि मला तुझ्या हाताचं माप सांगता आलं नाही. मी बोटांचा गोल करून दाखवला, तर तो हसला आणि म्हणाला, चाचा, अंदाज से शादी की थी क्या? पोरी पोट धरून हसल्या. मीही हसलो. पण वाईट वाटलं. लाखेच्या हिरव्या घेतल्या आहेत. होतील की नाही, माहीत नाही.

परत येताना रात्री दहाची सिटी बस धरली. कंडक्टर बाई होती. चाळिशीची असेल. गळ्यात बॅग, कानावर पेन्सिल, आणि त्या गर्दीतून अशी सरकत होती जशी पाण्यातून मासोळी. मी तिला सांगितलं की मीपण याच धंद्यातला. तिनं मला तिच्याजवळच्या सीटवर बसवलं. आमचं जमलं. सुट्ट्या पैशांचं भांडण कसं मिटवायचं, झोपलेल्या माणसाला त्याच्या स्टॉपवर कसं उठवायचं, असं सगळं बोलणं झालं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, की बाई, रात्री ड्युटी संपल्यावर तुम्हाला घ्यायला कोण येतं? ती हिंदीत म्हणाली, भाऊसाहेब, तुम्हाला घ्यायला कोण येत होतं?

तुला आठवतं, पंधरा वर्षं मी मुक्कामी गाडीवर होतो. रात्री पवनीला झोपायचो. कधी भंडाऱ्याला. कुठं झोपतो, कोणासोबत जेवतो, हे हापशीवर कोणी तुला विचारलं का? उलट लोक म्हणायचे, केशवराव फार कष्टाचा माणूस.

तर तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी खुशबू पाळीच्या आधी मला हुसेनसागरला घेऊन गेली. तळ्याच्या मधोमध भगवान बुद्धाची मूर्ती आहे, एकाच दगडाची, उभी. होडीनं जातात. अंधार पडला की मूर्तीवर दिवे सोडतात आणि पाण्यात तीच मूर्ती पुन्हा दिसते. आम्ही वंदना घेतली. मला वाटलं, इथं खोटं बोलायचं नाही. तिला सांगून टाकलं की मी तुला न्यायला आलो. ती म्हणाली, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तुम्ही तिकीट काढून सहज कुठं जाणारे माणूस नाही. मग तिनं विचारलं, बाबा, आई काय म्हणते ते मी वाचलं, तुम्ही काय म्हणता?

मंदा, मी तिला म्हणालो, की तीस वर्षं माणसं सांगतील तिथलं तिकीट मी फाडलं, कोणाला कुठं उतरायचं ते मी कधी ठरवलं नाही. तुझं तू सांग. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, चला, साडेनऊची गाडी चुकेल.

मी ३१ ला निघतो. एकटाच येतो आहे. तू चिडशील, चीड. पण मला आत घेऊन मग चीड, दारात नको.

तुझा
केशव


हैदराबाद,
रविवार, ३० ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. आणि जयभीम.

हे पत्र बाबांच्या पिशवीत, बांगड्यांच्या डब्याखाली ठेवते आहे. तू डबा उघडशील तेव्हा सापडेल. तोपर्यंत बाबांवर ओरडून झालं असेल, म्हणजे माझ्या वाट्याला थोडं कमी येईल.

तुझं पत्र मी वाचलं. मला राग नाही आला. ‘आपली पोरगी चांगली आहे, पण रात्र चांगली नसते’ हे वाक्य मात्र मी पाळीवर जाताना गाडीत मनात म्हणत राहिले. आमच्या गाडीत सहा जणी असतात. एकीचं लेकरू दोन वर्षांचं आहे, ती निघताना त्याला झोपवून येते. एक पन्नाशीची विधवा आहे, आम्ही तिला अक्का म्हणतो. ती रोज सगळ्यांना पुरेल एवढा लिंबूभात आणते. मध्यरात्री एक वाजता आम्ही जेवतो. मी कुठे जाते आणि कोणासोबत जाते, ते हेच.

एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितली नाही. तिकडे एक म्हातारा डॉक्टर आहे. त्याचा आवाज मला महिन्यातून आठ-दहा वेळा येतो. बाकीचे डॉक्टर बोलतात आणि ठक्कन बंद करतात. हा प्रत्येक वेळी शेवटी थांबतो आणि म्हणतो, जे कोणी हे टाईप करत असेल त्यांचे आभार, डोळ्यांना जरा विसावा द्या. तेव्हा इकडे पहाटेचे चार वाजलेले असतात. पहिल्या महिन्यात मी रोज रडायचे, परत यायची तयारी करायचे. त्या दिवसांत त्याचा आवाज आला की वाटायचं, इतक्या दूरच्या एका माणसाला माहीत आहे की मी जागी आहे.

आता ज्या गोष्टीची खरी भीती वाटते ती लिहिते. आई, मला इथे मजा येते. कामाचं सांगितलं की तू ऐकून घेशील, कारण कष्ट तुला समजतात. पण सुटीच्या संध्याकाळी मी आणि प्रतिक्षा नुसत्या फिरतो, त्याचं काय सांगू? कोठीच्या बाजारात जुन्या पुस्तकांचे ढीग चाळतो. सुलतान बाजारात चार दुकानांत घासाघीस करून काहीच न घेता बाहेर येतो. आईस्क्रीम खातो. तळ्याच्या काठावर दहापर्यंत बसून मक्याचं कणीस खातो आणि मोठ्यानं हसतो. यातलं काहीच गरजेचं नाही. घरी लपवायचं ते मी एवढंच लपवत होते. मला वाटायचं, तिकडे तू बांधीत चिखलात उभी आहेस आणि इकडे मी कणीस खात हसते आहे, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

अंकुशला मी पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्याला वाटलं तर त्यानं इथे यावं, माझं घर पाहावं, मी त्याला बिर्याणी खाऊ घालीन. पण नोकरी सोडून मी येणार नाही. मामांसमोर तुला माझ्यामुळे मान खाली घालावी लागेल, हे मला माहीत आहे. त्यासाठी मी तुझे पाय धरते.

केस खांद्याच्या थोडे वर आहेत. वाढतात, आई.

रागावलीस तरी लेक म्हणूनच रागाव, एवढं मागते.

तुझी
खुशबू


अड्याळ,
ता. १५/११/०५

चि. खुशबू हिले
आईचे अ. उ. आ.

बांगड्या दोन बोटं मोठ्या झाल्या. तुह्या बाबाले वाटते मी पैलवान आहे. हात वर केला तं कोपरापर्यंत जातात. तरी घातल्या, आन निर्मलाबाईले दाखवून आली.

तुहं पत्र त्याच दिवशी सापडलं. मी कोणाले सांगितलं नाही. तुह्या बाबासंगं चार दिवस बोलली नाही. चिंधूदादाले निरोप धाडला, की पोरगी आत्ता नाही येत, पावण्यायले नको म्हण. दादा म्हणाला, शब्द दिला आहे, येऊ दे त्यायले, आपण समजावू, पोरगी काय आज ना उद्या येईनच. मीबी तेच मनात धरलं होतं. खरं सांगते. मले वाटत होतं, लग्न ठरलं की येशील.

परवा रविवारी ते आले. अंकुश, त्याची आई आन काका. मी पातोड्या केल्या होत्या, चिन्नोरचा भात, कोंबडी. पोरगा खाली मान घालून बसला होता. चांगला वाटला. त्याची आईबी बरी होती, तुहा फोटो पाहून हसली. मंग काकानं विषय काढला. दादा सांगाले लागला, की थोड्या दिवसाची गोष्ट आहे, नोकरी सोडणार आहे. तं तो काका माह्या हातची पातोडी तोंडात टाकून म्हणाला, सोडन तं सोडन, पण रात्री हिंडलेली पोरगी मंग घरात टिकत नाही, गावाले माहीत आहे अशा पोरी काय काम करतात.

खुशबू, त्याच दिवशी सकाळी चुलीजवळ बसून मी तुह्या बाबाले हेच म्हणलं होतं. थोडे शब्द इकडचे तिकडे, पण हेच. माह्या तोंडातून निघालं तवा मले वाटलं, मी आई आहे, काळजीनं बोलून राहिली. त्याच्या तोंडातून निघालं तं कानात कोणी निखारा टाकल्यासारखं झालं. माह्या हातात वाढाचं भांडं होतं. मी ते खाली ठेवलं. मी त्याले म्हणलं, माही पोरगी रात्री काम करते, आन तिचं एक अक्षर चुकलं तं तिकडे माणूस मरते. आन काम झाल्यावर ते हिंडत असन तं आपल्या पायानं हिंडते, तुमच्या पायानं नाही. तुमी जेवून घ्या आन जा.

तुहे बाबा उठून माह्या बाजूनं येऊन उभे राहिले. जाताना तो पोरगा तुह्या बाबाले हळूच म्हणाला, माफ करा. बरा पोरगा आहे. पण घरात बसून बोलला असता तं जास्त बरं झालं असतं.

चिंधूदादा उपाशीच कारध्याले गेला. एकतीस वर्षांत माहा भाऊ माह्या घरून पयल्यांदा उपाशी गेला. मी रात्रभर रडली. स्थळ मोडलं म्हणून नाही रडली. दादाले मी मनवीन, तो माहा आहे. मी यासाठी रडली, की जे बोलणं मले परक्याच्या तोंडून सहन झालं नाही, ते मी माह्या पोरीले वर्षभर ऐकवलं. टेकचंदच्या फोनवर, गल्लीतल्या बायांसमोर ऐकवलं. तू तिकडून हं हं म्हणायची. मी समजायची पोरीले काही वाटत नाही.

काल हापशीवर निर्मलाबाई होती. मी आपण होऊन सांगितलं, माही पोरगी काय टाईप करते ते. पुरं सांगितलं, त्या म्हाताऱ्या डॉक्टरचंबी सांगितलं. घागर भरून गेली तरी ते ऐकत उभी होती. मंग म्हणाली, बिचारा चांगला माणूस दिसते. बाई वाईट नाही, खुशबू. तिले माहीत नव्हतं. मलेच माहीत नव्हतं तं तिले कुठून राहीन?

तू मजा येते म्हणून लिहिलं, त्याच्यात चोरी कायची? आमी मोहफुलं वेचाले जंगलात जावो तवा मैत्रिणी मिळून इतक्या हसो की टोपलं अर्धंच भरे. घरी येऊन मार खाल्ला की सांगो, फुलंच पडली नव्हती. तूबी हस.

एक विचारते. भारी धानाची मळणी झाली की जानेवारीत माह्या हाताले काम नाही. तुह्या बाबानं त्या बाजाराचं जे लिहिलं, ते मी तीनदा वाचलं. मी येऊ का? तुले त्रास होत असन तं नको.

तुहीच
आई


हैदराबाद,
ता. १६/१/०६

खुशबूच्या बाबांले
मंदाचा जयभीम.

मी चांगली आहे, पोट चांगलं आहे, पाय दुखतात. तांदळाचं पोतं फुटलं नाही. प्रतिक्षाले आपल्या चिन्नोरचा वास इतका आवडला, की ते नुसता भात खाऊन राहिली. तुमी ज्या हॉटेलातल्या वाढप्यासंगं तांदळावरून वाद घातला होता, त्याच्यासाठी मी मूठभर पुडीत बांधून नेला. त्यानं वास घेतला आन मुकाट्यानं मान हलवली. तुमी जिंकले.

पयले दोन दिवस मले काही सुधरलं नाही. रात्री पोरी गेल्या की दाराले दोन कड्या लावून मी खिडकीत बसली राहो. तिसऱ्या रात्री मी खाली गाडीपर्यंत गेली. त्या अक्काले पाहिलं. तिले मराठी येत नाही, मले तेलुगू येत नाही. तिनं माहा हात हातात धरला आन खुशबूकडे बोट दाखवून आपल्या छातीवर ठेवलं. मले समजलं. आता मी रोज सहा जणींसाठी डबा देते. शुक्रवारी पातोड्या दिल्या, तं सकाळी डबा पुसलेला आला.

चिंधूदादाचा फोन आला होता का? माह्याकडून त्याले सांगजा, संक्रांतीले नाही आली पण त्याच्यासाठी स्वेटर घेतला. रंग भडक आहे. घालन तो, मले माहीत आहे.

काल रविवार होता. पोरी मले नुमाईशले घेऊन गेल्या. दर वर्षी जानेवारीत इथं मोठ्या मैदानात भरते, दीड महिना राहते. आपल्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसारखंच समजा, पण शंभर मंडया एका जागी ठेवल्यावर जेवढी होईन तेवढी. काश्मीरचे शालवाले, लखनौचं भरतकाम, लोणची, चादरी, चिनी मातीची भांडी. मले वाटलं घ्याचं काहीच नाही, नुसतं पाहाचं. मंग एका दुकानात एक पर्स दिसली. काळी, लहानशी, चेन लावाची. आजवर माहे पैसे पदराच्या गाठीत राहिले, नाही तं तुमच्या खिशात. मी भाव केला. खुशबू मधी बोलाले लागली तं तिले गप्प बसवलं. त्यानं सांगितल्याच्या अर्ध्यात घेतली. मंग पदराची गाठ सोडली आन सगळ्यायसमोर पैसे त्याच्यात टाकले, चेन लावली. मले उगाच रडू आलं. पोरी समजल्या मले पैशाचं वाईट वाटलं.

मंग तो मोठा पाळणा. मी नाही म्हणलं, प्रतिक्षानं तिकीट काढून टाकलं. वर गेली तवा डोळे बंद होते. खुशबू म्हणाली, आई, डोळे उघड. पाहिलं तं खाली सगळं गावच्या गाव दिव्याचं. जसं कोणी काळ्या लुगड्यावर टिकल्या उधळल्या. पाळणा झपकन खाली आला तं मी मोठ्यानं ओरडली. मंग हसाले लागली. हसणं थांबेच ना. खुशबू माह्याकडे पाहूनच राहिली. म्हणाली, आई, तू अशी हसते हे मले माहीतच नव्हतं.

मैदानाच्या बाहेर आलो. एका गाडीवर मोठमोठ्या मिरच्यांची भजी तळून राहिले होते, आतून कांदा, लिंबू भरलेली. आमी तिघी रस्त्यातच उभ्या राहून खाऊन राहिलो होतो. समोर एका दुकानावर घड्याळ होतं. पाहिलं तं अकरा वाजले होते.

तवा माह्या मनात एक गोष्ट आली. पोरींले सांगितली नाही, तुमाले सांगते. मी बावन वर्षांची झाली. रात्री अकरा वाजता मी घराबाहेर किती वेळा निघाली ते आठवून पाहिलं. कोणाच्या बाळंतपणाले निघाली, कोणाच्या मयतीले निघाली. एकदा खुशबू तापानं फणफणली तवा तिले खांद्यावर घेऊन दवाखान्यात निघाली, तुमी मुक्कामी गाडीवर होते. रात्र म्हणजे मले तेवढीच माहीत होती. काल पयल्यांदा मी रात्री अकरा वाजता बाहेर होती आन कोणीच आजारी नव्हतं, कोणीच मेलं नव्हतं. गार हवा सुटली होती. माही पोरगी बाजूले उभी राहून बोटं चाटून राहिली होती. मी अजून एक मिरची घेतली.

आणखी दहा दिवस राहीन म्हणते. भात उतू जाऊ देऊ नका, गोळी घेजा. माया ठेवजा, आन मी परत येईन तवा ओळखजा म्हणजे झालं.

तुमची
मंदा